आमची वाटचाल: पुढचं दार, मागचं दार

भुसावळात रेल्वेच्या जिवावर चुली पेटलेली घरं मोजायला बसलात, तर आमचंही त्यात येईल. आजोबांची खानावळ इंजिनात कोळसा मारणाऱ्या फायरमन लोकांसाठी. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब आणि रात्री दोनलासुद्धा गरम शेवभाजी. वडिलांनी त्याच वाड्यात परमिट रूम काढली. पुढचं दार बारचं झालं, तशी आई मागच्या बोळातून स्वयंपाकघरात यायला लागली. बोलली काही नाही. धंदा मात्र जोरात होता, खोटं कशाला बोलू.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद. हायवे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १ एप्रिल २०१७ पासून बारला कुलूप. नुसत्या शेवभाजीवर सहा वेटरांचे पगार निघत नाहीत, हे पहिल्याच महिन्यात कळलं. मी घाईने एक ऑर्केस्ट्रा आणला. कीबोर्डवाल्याने गिऱ्हाइकांना जेवू दिलं नाही.

आमच्या आचाऱ्याचे मामा वही, म्हणजे खानदेशातली लोकगाणी, गातात. आपल्याकडचं वहीगायन म्हणजे डफ, एक मुख्य गाणारा आणि मागे धरणारे झीलकरी. श्रावणात एका शनिवारी मामा पाच जणांना घेऊन आले. पावसाने डफाचं कातडं सैल पडलेलं, थाप मारली की ओल्या पोत्यासारखा आवाज. मामा सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर डफ फिरवू लागले. तव्यावर कळण्याची भाकरी, शेजारी डफ. बोटाने टिचकी मारून बघायचे, परत शेकायचे. कातडं टणटणीत वाजलं तेव्हा आईने भाकरी उलटली. मी म्हटलं, "मामा, पिणारेच नाहीत, ऐकणार कोण?" ते म्हणाले, "पेणारे गेले तं गेले, ऐकणारे येतीन रे भो."

आले. बायका-पोरांसकट आले. आमच्या हॉलमध्ये लहान मूल रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नगरपालिका हद्दीत ही बंदी लागू नाही, असा खुलासा न्यायालयाने जुलैतच केला होता, आणि पुढे कागदपत्रं फिरून बारचं कुलूप निघालं. तोवर माझं ठरलं होतं. बार मागे नेला, जिथे पूर्वी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग असायचा. बीअरला २१, बाकीला २५ वर्षं पूर्ण, हे तिथे पाटीवर लिहिलंय आणि आम्ही खरंच विचारतो. वडील हयात असते तर मला वेड्यात काढलं असतं. गल्ला उतरला, हे खरंच आहे.

हिवाळ्यात मात्र भरून निघतं. बामणोदची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. डफही त्याच जाळावर शेकतो. पहिल्या वर्षी रंगात येऊन माइक साडेदहापर्यंत चालू ठेवला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि त्यांचं बरोबरच होतं. आता पावणेदहाला माइक बंद.

आई हल्ली शनिवारी पुढच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. वही रंगली की मागचे लोक उठून हॉलच्या उंबऱ्याशी येतात. उंबरा ओलांडायचा असेल तर ग्लास मागे ठेवून यायचं, हा तिचा नियम. परवा एक जुने रिटायर्ड ड्रायव्हर ग्लास रिकामा करून आले, तिला तो उपडा करून दाखवला आणि आत जाऊन बसले.