खाडीचं उपग्रहचित्र मागवताना पंचांग उघडा

चित्र विकत घेणारा पहिला प्रश्न विचारतो, किती सेंटिमीटरचं? म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर केवढा. खाडीच्या कामाला त्याआधी तिथी बघावी.

वर्ल्डव्ह्यू-३ सारखे उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत फिरतात. दर खेपेला स्थानिक सौरवेळ साडेदहाच्या आसपासच असते. रत्नागिरी ७३.३ रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ ८२.५ ची, त्यामुळे घड्याळात साधारण अकरा-सव्वाअकरा होतात. चित्राच्या माहितीफाइलमधली वेळ ग्रीनिचची असते. त्यात साडेपाच तास मिळवा, नाहीतर सगळा हिशेब चुकेल.

आता किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवशी चित्रात खाडी तुडुंबच दिसणार. त्या दिवसाची मोठी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. तेव्हा हा उपग्रह आपल्या डोक्यावर नसतो. कालवांचे (शिंपल्यांचे) खडक पुरते उघडे पडलेले या चित्रांत शोधू नका.

चिखल, पुळण (वाळूचा किनारा) किंवा खारबंधाऱ्याचा, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाचा, पाया बघायचा असेल तर षष्ठी-सप्तमी धरा, पक्ष कुठलाही. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणून ओहोटी पावणेअकराला. भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, जवळ आल्यामुळे पाणी फार खाली जात नाही, पण हीच त्यातल्या त्यात बरी संधी. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळा. आणि चित्रातली पाण्याची कड म्हणजे सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) भरतीरेषा नव्हे.

वर्ल्डव्ह्यू-३ चे ३१ सेंटिमीटर काळ्या-पांढऱ्या चित्राचे, तेही बरोबर खाली पाहताना. रंगांचे पट्टे (बँड) १.२४ मीटरचे, दोन्ही मिसळून ते देखणं चित्र तयार होतं. उपग्रह तिरका पाहत असेल तर सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार, चित्रात सरकतो. जमिनीच्या उंचीचं प्रारूप न वापरता जुळवलेल्या चित्रात २५ अंश तिरक्या नजरेला १०० मीटर उंचीचा कडा सुमारे ४७ मीटर बाजूला पडतो. जमिनीचा गटनकाशा वर ठेवला की मग भांडणं. म्हणून तिरकेपणा किती ते ऑर्डरीतच लिहून घ्या.

ढगांची टक्केवारी अख्ख्या चित्राची असते. पाच टक्के ढग नेमके तुमच्या खाडीवर असू शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी नमुनाचित्र बघा. जून ते सप्टेंबर ही चित्रं मागवण्यात अर्थ नाही, तेव्हा ढगांतूनही पाहणाऱ्या रडार उपग्रहांची चित्रं घ्या. माडा-पोफळीच्या आगरातला गडगा (दगडी कुंपण) मात्र कुठल्याच महिन्यात वरून दिसत नाही; त्यासाठी मोजणीवालाच बोलवा.