बर्फाखालची पिल्ले

जून महिन्यात आमच्या मिशिगनच्या घरामागे, तळ्यापासून थोड्या अंतरावर, पेंटेड टर्टल जातीच्या कासवाच्या मादीने मागच्या पायांनी अर्ध्या वितीएवढा खड्डा उकरून अंडी घातली आणि माती सारखी करून ती निघून गेली. रकून नावाचे प्राणी अंडी खातात म्हणून शेजारच्या आजोबांनी वर जाळी बसवून दिली. उन्हाळा सरता सरता पिल्ले अंड्यांतून बाहेर पडतात, पण बहुतेक वेळा मातीतून वर येत नाहीत. पहिला हिवाळा ती घरट्यातच काढतात.

जानेवारीत पारा उणे 20 अंशांवर उतरला, तेव्हा सांगलीहून आईचा फोन आला. ‘‘अगं, गोठून मरतील ती. घरात आणून ठेव ना!’’ देवळातल्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय आत न जाणाऱ्या आईला ती काळजी वाटणे साहजिकच होते.

मी तिला सांगितले की, घरातील ऊब त्यांना मारकच ठरेल, कारण शरीर तापले की पोटातला अंड्यातील शिल्लक बलक, म्हणजे त्यांची शिदोरी, वसंत ऋतूपूर्वीच संपून जाईल. शिवाय त्यांचा खरा शत्रू थंडीपेक्षा बर्फाचा कण आहे. फ्रीजरमध्ये न हलवता ठेवलेल्या बाटलीतले स्वच्छ पाणी कधीकधी शून्याखालीही पातळच राहते आणि बाटली आपटताच क्षणात गोठते. पिल्लांचे रक्तही तसेच, उणे 10 अंशांच्या खाली गेले तरी, बर्फाचा कण आत शिरेपर्यंत पातळ राहू शकते. भोवतीच्या ओल्या मातीतला बर्फ आत शिरू नये म्हणून मान आणि पाय यांच्या त्वचेत स्निग्ध थर असतो. त्यातूनही अंग गोठलेच, तर उणे 4 अंशांच्या आसपासपर्यंत, तेही थोडेच दिवस, ती तग धरतात. म्हणूनच भुसभुशीत बर्फाची जाड दुलई घरट्यावर असणे त्यांच्या हिताचे असते. उघड्या जमिनीवरचा कडाका अधिक घातक ठरतो. हे कळल्यापासून मी त्या कोपऱ्यातला बर्फ कधीच उपसला नाही.

एप्रिलअखेर पाऊस पडून गेल्यावर जाळीखाली बोटभर भोक दिसले. रुपयाच्या नाण्याएवढे एक पिल्लू, पाठीवर ओली माती घेऊन, बराच वेळ उन्हात निश्चल बसले होते. मग मान काढून ते तळ्याच्या दिशेने चालू लागले. मी आईला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा सांगलीत रात्र झाली होती, आणि ते गवतात दिसेनासे होईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.