प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट घरच्या ग्रुपने: माझा अनुभव (आणि आत्याची व्हिसा फाइल)

आम्ही टूर कंपनी न घेता घरच्या घरी ग्रुप करून मध्य युरोप केला. आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं, मी, नवरा आणि बाबांची थोरली बहीण म्हणजे आमची आत्या. विमान, हॉटेल, ट्रेन यावर फार लिहीत नाही, ते फोनवर बसून झालं. जीव काढला तो आत्याच्या व्हिसाने. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून तेच सविस्तर लिहितेय, आत्यासारखी केस पुष्कळ घरांत असते.

आधी साधा नियम. शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिकडे. त्यामुळे स्लॉट (अर्ज द्यायला जायची ठरलेली वेळ) शोधायच्या आधी रात्री ठरवा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि ग्रुप असेल तर जितक्या लवकर तितकं बरं, कारण सगळ्यांना एका दिवसाचे स्लॉट मिळणं कठीण. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली फुकट, अर्ज जिथे द्यायचा त्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: आपण ग्रुप म्हणून जातो पण फाइल प्रत्येकाची वेगळी, निर्णयही वेगळा. आठ जणांना मिळून नवव्याला न मिळणं होऊ शकतं.

तर आत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, तिला फॅमिली पेन्शन येते, एफडी आहेत, राहतं घर तिच्या नावावर आहे. रिटर्न भरत नाही कारण उत्पन्न तेवढं नाही. ज्या एजंटला आम्ही फक्त फॉर्म भरायला धरलं होतं तो म्हणाला, आयटीआर नाही ना, मग स्पॉन्सर, म्हणजे खर्च करणारा, दाखवायलाच लागेल, दादाचं लेटर लावा. लावलं.

सेंटरवर बाकी सगळ्यांचं अर्ध्या तासात झालं, मुलांचे तर १२ च्या आतले म्हणून बोटांचे ठसेही घेतले नाहीत. आत्याच्या काउंटरवरचा मुलगा म्हणतो, स्पॉन्सर भाचा आहे तर नात्याचा पुरावा द्या. आता बघा, आत्याचं माहेरचं आडनाव वेगळं, सासरचं वेगळं, लग्नात नावही बदललेलं, आणि तिचं लग्न झालं त्या काळी गावाकडे लग्नाची नोंदणी करतंय कोण! त्याला मॅरेज सर्टिफिकेट पायजे, नाहीतर जन्मदाखला. दोन्ही नाही. मग म्हणे नवीन स्लॉट घेऊन या. नवीन स्लॉट म्हणजे पुढचा महिना, तोवर आमचं विमान उडालेलं असणार. आत्या तिथल्या खुर्चीत बसून हळूच म्हणते, जाऊ दे गं, तुम्ही जा, मी राहते घरी. ते ऐकून मला जो राग आला ना!

मी तिथेच बाबांचा आणि आत्याचा पासपोर्ट शेवटच्या पानावर उघडून शेजारी शेजारी ठेवले. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं आणि आईचं नाव छापलेलं असतं. दोघांच्याही पानावर माझ्या आजोबांचं आणि आजीचं नाव, अक्षरन् अक्षर तेच. दादाच्या पासपोर्टवर वडील म्हणून बाबांचं नाव. झाली साखळी पूर्ण! तरी तो ऐकेना, चेकलिस्टमध्ये हे नाही म्हणाला. मग मी सुपरवायझरला बोलवायला लावलं आणि शांतपणे सांगितलं की व्हिसा द्यायचा की नाही ते दूतावास ठरवतं, तुम्ही फाइल घ्या, कागद कमी आहे असं लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. हे वाक्य पाठ करून जा. सेंटर फक्त कागद गोळा करून पुढे पाठवतं. एक छापील कागद पुढे आला, त्यावर आत्याने सही केली, पासपोर्टच्या शेवटच्या पानांच्या झेरॉक्स मी फाइलला जोडल्या आणि फाइल घेतली. तिथे भांडले नसते तर आत्या घरीच राहिली असती, एवढं मला खात्रीने वाटतं.

त्यानंतरची वाट बघणं वेगळंच. नियमाने १५ दिवसांत निर्णय, पण गरज पडली तर ४५ पर्यंत नेता येतो. सगळ्यांचे पासपोर्ट आले, आत्याचं ट्रॅकिंग रोज तीच एक ओळ दाखवतंय. हेल्पलाइनला फोन केला की तीच ओळ वाचून दाखवतात, पैसे मात्र मिनिटाचे घेतात. बाबांनी जाहीर केलं की ताई नाही तर मीही नाही. आणि इकडे हॉटेलांची फुकट कॅन्सल करायची तारीख जवळ येतेय. (हॉटेल बुक करताना ती तारीख प्रवासाच्या अगदी जवळची असेल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी.) मग दूतावासाची मेल आली: अर्जदाराचं स्वतःचं उत्पन्न आणि भारतातलं घर याचे अजून कागद द्या. नात्याबद्दल एक शब्द नाही! ज्या कागदावरून आत्याला परत पाठवत होते तो कुणी विचारलाच नाही. पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचं एफडी सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती आणि प्रॉपर्टी कार्ड, मराठी होतं त्याचं इंग्रजी भाषांतर करून दिलं. निघायच्या आदल्या आठवड्यात पासपोर्ट आला, व्हिसा लागलेला. आई रडली, मीही.

म्हणून माझं स्पष्ट मत: घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे स्वतःचे पैसे पुरेसे असतील तर तेच दाखवा, पेन्शन आणि एफडी हे चांगले कागद आहेत, उगाच मुलाचं-भाच्याचं लेटर लावून नात्याचा प्रश्न ओढवून घेऊ नका. आणि ग्रुपमध्ये ज्याचे कागद सगळ्यात अवघड त्याची फाइल पहिली करा, नोकरीवाल्यांची सगळ्यात शेवटी.

बाकी जसं आठवेल तसं. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, सत्तरीच्या पुढे प्रीमियम बराच वाढतो, ते बजेटमध्ये धरा. फोटो ३५ बाय ४५ मिलीमीटर, स्टुडिओवाल्याला शेंगेनचा म्हणून सांगा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालू पाहिजे आणि दोन पानं कोरी.

नवरा म्हणत होता नऊ सीटची व्हॅन घेऊ. बसतो आपण, पण बॅगा कुठे ठेवायच्या? शिवाय चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी तिन्हीकडे हायवेचं विन्येट (टोलचा पास) वेगवेगळं घ्यायचं. आम्ही ट्रेनने गेलो. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, तिथून बुडापेस्ट तीनच्या आत. नऊ जणांना एकत्र बसायचं तर सीट रिझर्व्ह करा, तिकिटात सीट असतेच असं नाही.

पैसे तीन प्रकारचे, चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट, ऑस्ट्रियात युरो. एटीएम किंवा कार्ड मशीन रुपयांत दाखवू का विचारतं तेव्हा नाही म्हणायचं, तिथलंच चलन निवडायचं, रुपयांत घेतलं की रेट वाईट लागतो. प्रागमध्ये रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका.

ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून. शनिवारीच दूध-ब्रेड भरा. बुडापेस्टचं पार्लमेंट आतून बघायचं तर तिकीट इथूनच काढा.

आता शेंगेनमध्ये शिक्क्याऐवजी ठसे आणि फोटोची नवी पद्धत आलीय, २०२५ च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली, पहिल्यांदा जाताना वेळ जातो. मधे विमान बदलायचं असेल तर दोन विमानांत चांगलं अंतर ठेवा, म्हातारी माणसं असतील तर जास्तच, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

खाऊचं: दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच. कढीपत्ताही नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, दडपे पोह्यांचे पोहे असलं कोरडं न्या. आत्याने चटणीची दोन पाकिटं घेतली होती, बुडापेस्टला पोचेपर्यंत संपली, तीन घ्या.