मंगळावर पाणी सापडलं, आम्हाला काय?

आकाशदर्शनाचे कार्यक्रम मी हौसेने करते, अठरा वर्षं झाली. दुर्बीण दोनदा बदलली, प्रश्न तोच राहिला. रांगेतलं कुणीतरी मंगळाचा तांबूस ठिपका बघतं, डोळा बाजूला घेतं आणि म्हणतं, "तिथे पाणी सापडलं म्हणे. त्याचा आमच्यासारख्यांना काय उपयोग?" आवाजात थोडी गंमत असते, थोडा राग. मी हसून वेळ मारून नेते. आज नीट सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

प्यायला उपयोग नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्यावर वाद नको. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. 2008 मध्ये फिनिक्स यानाने उत्तर ध्रुवाच्या बाजूला मातीत चर खणला, तेव्हा पांढरे खडे दिसले आणि चारेक दिवसांत नाहीसे झाले. वितळले नाहीत, सरळ वाफ होऊन गेले. गेले म्हणूनच तर ते मीठ नसून बर्फ होता हे कळलं! त्याच मातीत परक्लोरेट नावाचे क्षार निघाले, जे थायरॉइडला वाईट. चंद्राचंही तेच. 2009 मध्ये चांद्रयान-1 वरच्या उपकरणाने पाण्याच्या खुणा दाखवल्या. परत आलेल्या प्रकाशात एका ठरावीक तरंगलांबीला थोडी घट दिसली, एवढाच तो शोध. हिशेब काय, तर वरच्या थरातल्या एक टन मातीतून फार तर लिटरभर पाणी.

तरी मी त्या काळात स्लाइडवर लिहायची, ‘मानवजातीच्या भविष्याची गुरुकिल्ली’. ती स्लाइड मी काढून टाकली आहे. ती लिहिणारी बाई भेटली तर तिला विचारीन, कुणाच्या भविष्याची गं? 2022 मध्ये पृथ्वीवरच 220 कोटी माणसांना सुरक्षित पिण्याचं पाणी घरात मिळत नव्हतं. पण तुम्ही लगेच "तेवढ्या पैशात नळ आले असते" म्हणू नका. यान रद्द केलं की नळ येतो, असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. यान गेल्यामुळे नळ येतो असंही नाही, हे खरंच.

मग मी दुसरं उत्तर शोधलं होतं. अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ, लघवी असं सगळं शुद्ध करून जवळपास 98 टक्के पाणी परत मिळवतात, 2023 मध्ये हे साधलं. हे ऐकलं की लोक गप्प होतात. मला मात्र हे सांगताना खोटं वाटतं, कारण त्यासाठी मंगळावर पाणी सापडायची काहीच गरज नव्हती.

खरं उत्तर माझ्या वडिलांशी जोडलेलं आहे, म्हणून मी ते रांगेत देत नाही.

बाबांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यात गोळ्यांबरोबरचं आलं, चघळायला दिलेला बर्फही आला. बर्फ म्हणजे पाणीच, मोजायचं. त्यांनी एक वही केली होती, घोट घेतला की आकडा. जास्त प्यायले तर ते पाणी अंगात साठायचं, पाय सुजायचे, रात्री झोपता यायचं नाही, धाप लागायची. आणि मशीनमध्ये मात्र मिनिटाला अर्धा लिटर द्राव फिरायचा, चार तासांत 120 लिटर, सगळा शुद्ध पाण्यात बनवलेला. मशीनमधल्या पातळ पडद्याच्या अलीकडून बाबांचं रक्त, पलीकडून तो वाहायचा. बाबा म्हणायचे, "नदीकाठी बसवून ठेवलंय मला."

28 सप्टेंबर 2015 ला नासाने जाहीर केलं की मंगळाच्या उतारांवर दिसणारे काळपट पट्टे, जे उन्हाळ्यात लांबतात आणि थंडीत फिके पडतात, ते वाहत्या खाऱ्या पाण्यामुळे असावेत. त्या जागी पाणी धरलेले क्षार दिसले होते. मी नाचायची बाकी राहिले. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला बाबांच्या शेजारी बसून मोबाइलवर फोटो दाखवले. आकाशात त्यांना कधी रस नव्हता, पण त्या दिवशी नीट बघितलं. "किती आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फार नाही, आणि खारट आहे. "मग मलाही चालणार नाही," म्हणाले आणि हसले. मीठ त्यांना बंद होतं. त्यानंतर सुई टोचताना ते मला विचारायचे, "आज वाहतंय का?"

त्याच हिवाळ्यातली एक रात्र. मी उशिरापर्यंत त्या पट्ट्यांवरच्या व्याख्यानाच्या स्लाइड करत होते. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. बाबा अंधारात उभे राहून पाणी पीत होते, पूर्ण पेला, अर्धा संपलेला. मी तो हातातून ओढून घेतला. पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. परवा वजन किती वाढलं होतं, कुणाला रात्रभर जागावं लागतं, असलंच सगळं. ते ओल्या शर्टाकडे बघत म्हणाले, "मंगळावर पाणी सापडलं की टाळ्या वाजवतेस. माझ्याकडे सापडलं की ओरडतेस."

मी बरोबर होते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याचा काही उपयोग होत नाही.

2017 च्या सुरुवातीला बाबा गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवा अभ्यास आला. दहा ठिकाणचे दीडशे पट्टे मोजले होते आणि जवळजवळ सगळे 27 अंशांहून तीव्र उतारावर. कोरडी वाळू ज्या उतारावर आपोआप घसरते, तोच हा उतार. पाणी असतं तर ते कमी उतारावरही पुढे गेलं असतं. म्हणजे बहुधा वाळूच. मी ते वाचलं आणि पहिला विचार हा आला, की बरं झालं, बाबांना सांगावं लागलं नाही. असला विचार मला शोभत नाही. चूक दुरुस्त होते म्हणून तर विज्ञानावर विश्वास ठेवायचा, हे मीच मुलांना सांगते.

तर सामान्य माणसाला फरक पडतो का? एका माणसाला पडला, आणि तोही बहुधा नसलेल्या पाण्याने. याला पुरावा म्हणावं की नाही, मला कळत नाही. माझ्यातली व्याख्याती म्हणते, शुक्र आणि मंगळ दोघांकडे कधीकाळी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी होतं आणि दोघांनी ते गमावलं, हे आपल्याला समजायला हवं. म्हणते ते खरंच आहे. पण पाण्याचा पेला हिसकावून घेतलेल्या माणसासमोर हे वाक्य मला तोंडातून काढता येणार नाही. आणि त्याच माणसाने दर खेपेला "आज वाहतंय का?" असं का विचारावं, याचं उत्तर तुमच्या ‘काय उपयोग’मध्येही बसत नाही. कदाचित माझी समजूत काढायला विचारत असतील. कदाचित टोमणा असेल.

ती वही माझ्याकडे आहे. 29 सप्टेंबर 2015 च्या पानावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात गोळ्यांबरोबरचं पाणी 60, बर्फ 30, असं खाली खाली लिहिलेलं आहे. शेवटची ओळ: ‘मंगळ, खारट, 0’. त्याखाली बेरजेची रेघ.