हक्क आजीचा की नातवाचा?

आठ महिने झाले नातवाला बघून. मुलगा-सून वेगळे झाले, सहा वर्षांचा नातू सुनेकडे राहिला आणि मग आधी येणंजाणं बंद, मग फोन बंद, आता तर मेसेजला उत्तरही नाही. भांडणात मीही मुलाची बाजू घेऊन नको ते बोलले होते, ते तिला लागलं, मान्य आहे. मोबाईलमध्ये त्याचा शेवटचा व्हॉइस मेसेज आहे, "आजी, माझा दात हलतोय, जिभेनी ढकलला की कुईं होतं." रोज ऐकते.

शेवटी वकीलबाईंना भेटले. मला वाटायचं सख्खी आजी म्हणून कायद्यात काहीतरी हक्क असणारच, पण नाहीये हो. आपल्याकडे मुलांच्या पालकत्वासाठी अजूनही १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट, त्यात आजी-आजोबांच्या भेटीसाठी वेगळं कलमच नाही, अर्ज करता येतो पण कोर्ट बघणार मुलाचं हित.

मग बाहेरच्या देशांचं वाचत बसले. अमेरिकेत २००० साली ट्रॉक्सेल केसमध्ये आजी-आजोबा सुप्रीम कोर्टात हरले, आई मुलांना नीट सांभाळत असेल तर तिच्या निर्णयाला वजन द्यायलाच हवं असं कोर्ट म्हणालं, आणि त्या आईने तर भेट तोडलीही नव्हती, महिन्यातून एकदा थोडा वेळ या म्हणत होती. आधी राग आला, मग त्या आईचंही पटलं. फ्रान्समध्ये सिव्हिल कोडचं ३७१-४ कलम आहे, त्यात हक्क मुलाचा आहे, आजी-आजोबांशी नातं ठेवायचा, आणि मुलाच्या हिताच्या आड येत असेल तरच तो अडवता येतो. हे वाचून मी थांबलेच, कारण मी इतके दिवस माझा हक्क, माझा हक्क करत होते.

वकीलबाईंचंही तेच म्हणणं, तुमची माया कागदावर येत नाही, त्याला तुमची किती सवय होती ते दाखवा, शाळेतून कोण आणायचं, तापात उशाशी कोण बसायचं, त्याचे मेसेज जपून ठेवा. म्हणजे तो दाताचा मेसेजही पुरावा! कसंतरीच झालं ऐकून. पण अर्ज नंतर, आधी मेडिएशनचं, म्हणजे मध्यस्थासमोर बसून बोलण्याचं, बघू असं ठरलंय, एकदा कोर्टात समोरासमोर उभे राहिलो की सुनेशी बोलायची वाट आणखी अवघड होईल याची भीती वाटते.

काल तिला लिहिलं, तुझ्यासमोरच भेटेन, तू म्हणशील तिथे, एक तास, झालेल्या भांडणाचा विषय काढणार नाही. आणि खाली, दात पडला का गं त्याचा?