वूफर कुठे थांबतो, ट्वीटर कुठून धरतो

स्पीकरची पहिली जोडी मी बनवली, तेव्हा सगळा क्रमच उलटा होता. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात आठ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा ड्रायव्हर दिसला, आवडला आणि घेतला. मग वरचे सूर वाजवणारा एक इंची सिल्क डोम ट्वीटर घेतला आणि आवाज या दोघांत वाटून देणारी तयार क्रॉसओव्हरची पट्टीही उचलली. तिच्यावर ‘३००० हर्ट्झ, ८ ओम’ असे छापलेले होते आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसला. लकडगंजातून आणलेल्या १८ मिलिमीटर प्लायची खोकी तयार झाली, गाणेही वाजू लागले. बाबा आमच्या बैठकीत खाली गादीवर बसून ख्याल ऐकतात. चार-पाच दिवसांनी ते म्हणाले, “उठून उभा राहिलो की गाणारी बाई पडद्याआड जाते रे.” मी ते मनावर घेतले नाही. पुढे मायक्रोफोन घेऊन मोजमाप केले, तेव्हा बाबांचे वाक्य आलेखावर जसेच्या तसे उमटलेले दिसले. ट्वीटरच्या उंचीवर, अगदी समोरून आवाज बरा होता. पण मायक्रोफोन वर किंवा बाजूला सरकवला की २००० ते ३५०० हर्ट्झच्या पट्ट्यात खोल खड्डा पडत होता.

त्या खड्ड्याचे कारण सेंटीमीटरमध्ये मोजता येते. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणून ३००० हर्ट्झची तरंगलांबी साधारण ११.४ सेंटीमीटर भरते. (मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ला टेकला की हाच वेग ३५७ मीटरच्या पुढे जातो. पण फरक चार-साडेचार टक्क्यांचाच असल्यामुळे क्रॉसओव्हर ऋतूप्रमाणे बदलावा लागत नाही, एवढे आपले नशीब.) आठ इंची वूफरच्या हलणाऱ्या कोनचा व्यास सुमारे १६.५ सेंटीमीटर असतो. तरंगलांबी या व्यासाएवढी झाली की कोन आवाज सगळीकडे पसरवण्याऐवजी टॉर्चच्या झोतासारखा पुढे फेकू लागतो, आणि या वूफरच्या बाबतीत ती वेळ २१०० हर्ट्झच्या जवळ येते. मी मात्र त्याच्याकडून ३००० पर्यंत काम करून घेत होतो. त्याच्या वर लगेच ट्वीटर सुरू होत होता आणि तो इवलासा डोम आवाज चौफेर उधळत होता. अरुंद झोत आणि रुंद उधळण यांचा सांधा नेमका तिथे होता, जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो.

मग क्रॉसओव्हर खाली, १५०० हर्ट्झवर का आणू नये? कारण तिथे ट्वीटरची बाजू आडवी येते. तेवढाच मोठा आवाज अर्ध्या वारंवारतेवर काढायचा, तर डोमला चौपट हालचाल करावी लागते. तीन हजारांवरून दीड हजारांवर आलो की चौपट, आणि साध्या डोमला एवढी हालचाल झेपत नाही. आवाज चिरकतो आणि जोरात वाजवले तर डोम हलवणारी तारेची कॉइल जळते. ट्वीटरची अनुनाद वारंवारता, म्हणजे तो आपसूक सर्वांत जास्त थरथरतो ती वारंवारता पाहावी आणि उतार, म्हणजे हद्दीपलीकडचा आवाज कापण्याचा वेग, चांगला तीव्र असेल तरी तिच्या दुपटीच्या खाली उतरू नये, हा नियम मी आता पाळतो. उतार सौम्य, म्हणजे दर सप्तकाला ६ किंवा १२ डेसिबलचा असेल, तर याहूनही वर थांबलेले बरे.

तेव्हा क्रॉसओव्हरचा आकडा आधी ठरवून त्याला साजेसे ड्रायव्हर शोधू नयेत. वूफरची वरची मर्यादा आणि ट्वीटरची खालची मर्यादा यांच्यामध्ये जी फट उरते, त्यातच तो आकडा बसतो, आणि ड्रायव्हर निवडायचे ते ही फट शक्य तितकी रुंद राहील असे. माझ्या पहिल्या जोडीत ती जवळपास उरलीच नव्हती. आठ इंची वूफर वापरायचाच असेल, तर मधले सूर सांभाळणारा मिडरेंज ड्रायव्हर घेऊन तीनमार्गी रचना करावी किंवा ट्वीटरच्या भोवती वेव्हगाइड, म्हणजे उथळ कर्णा बसवून त्याचा पसारा आवळावा. पहिल्याच प्रयत्नात यातले काही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या जोडीसाठी मी साडेसहा इंची वूफर घेतला. कोन मुद्दाम कागदी घेतला. धातूचे कोन दिसायला देखणे असतात आणि खालच्या पट्टीत फार शिस्तीने वागतात, पण वर कुठेतरी ते घंटेसारखे वाजतात आणि तो आवाज दाबायला क्रॉसओव्हरमध्ये वेगळी तजवीज करावी लागते. कडेचा सराउंड फोमचा न घेता रबराचा घेतला, कारण चार महिने कोरडी भाजणारी हवा आणि त्याच खोलीत कूलरचा दमट वारा, यात फोम फार काळ टिकत नाही. कोनचा व्यास १३ सेंटीमीटर, म्हणजे झोत सुरू होण्याची जागा २६०० हर्ट्झच्या आसपास. ट्वीटरची अनुनाद वारंवारता ७५० हर्ट्झ, म्हणजे खालची हद्द १५०० ची. फट अकराशे हर्ट्झची मिळाली.

खोक्याचा हिशेब त्या मानाने सरळ असतो. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेले आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात विस्तारलेले गणित आज कोणत्याही फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिळते. माझ्या वूफरची अनुनाद वारंवारता ४२ हर्ट्झ, क्यू-टी-एस (अनुनाद किती आवरलेला आहे, याचे माप) ०.३५ आणि व्ही-ए-एस (कोनच्या ताणाएवढीच लवचीक हवा किती, याचे माप) २८ लिटर. त्यावरून २० लिटरचे खोके आणि ४५ हर्ट्झला जुळवलेला पोर्ट, म्हणजे हवेची नळी, असे उत्तर निघाले. यावर मी डोके फारसे शिणवले नाही.

फटीतला नेमका आकडा ठरवला तो बॅफलवरच्या, म्हणजे खोक्याच्या पुढच्या फळीवरच्या अंतराने. वूफर आणि ट्वीटर एकमेकांना अगदी चिकटवून बसवले, तरी त्यांच्या केंद्रांमध्ये १४ सेंटीमीटर राहत होते. हे अंतर क्रॉसओव्हरच्या तरंगलांबीपेक्षा कमी असले, तर उभे राहिल्यावर दोघांचे आवाज एकमेकांना मारत नाहीत, निदान लगेच मारत नाहीत. २१०० हर्ट्झची तरंगलांबी १६.३ सेंटीमीटर, म्हणून २१००. पहिल्या जोडीत हेच अंतर १६ सेंटीमीटर होते आणि तरंगलांबी ११.४, बाबांची बाई पडद्याआड का जात होती, याचे उरलेले अर्धे उत्तर इथे सापडले.

आता त्या छापील ‘८ ओम’बद्दल. सूत्राने २१०० हर्ट्झ आणि ८ ओमसाठी पहिल्या दर्जाचा, म्हणजे सर्वांत साध्या फिल्टरचा कपॅसिटर (ट्वीटरकडे खालचे सूर जाऊ न देणारा) ९.५ मायक्रोफॅरड आणि इंडक्टर (वूफरकडे वरचे सूर जाऊ न देणारा) ०.६ मिलिहेन्री येतो, पण कोणताही वूफर सगळ्या वारंवारतांवर ८ ओम नसतो. कॉइलच्या इंडक्टन्समुळे त्याची इंपीडन्स, म्हणजे ओममध्ये मोजला जाणारा विरोध, वारंवारतेबरोबर वर चढत जाते, आणि सूत्रातून आलेला फिल्टर दुसऱ्याच जागी कापतो. शिवाय २१ सेंटीमीटर रुंद बॅफलमुळे साधारण ५५० हर्ट्झच्या खाली आवाज खोक्याला वळसा घालून मागे पसरतो आणि समोर तो ६ डेसिबलपर्यंत कमी पडतो. स्पीकर भिंतीजवळ असल्याने मी त्यातले चारच भरून काढले. ही भरपाई वूफरच्या इंडक्टरनेच करायची असल्यामुळे तो १.८ मिलिहेन्रीपर्यंत वाढला. सूत्राच्या तिप्पट! तयार पट्टीला हे कसे ठाऊक असणार? तिने माझे खोके पाहिलेलेही नव्हते.

तो इंडक्टर घरीच गुंडाळला. उन्हाळ्याच्या तोंडावर इथल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानांत कूलरच्या पंपांची आणि पंख्यांची रांग लागलेली असते. तिथे १८ गेजची इनॅमल तांब्याची तार वजनावर मिळाली. कपॅसिटरही त्याच काउंटरवर. पंख्याचे २.५ आणि कूलरचे ४ मायक्रोफॅरडचे ४४० व्होल्टवाले कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच असतात, ते समांतर जोडून हवा तो आकडा जुळवता येतो, आणि उन्हाने सुकणाऱ्या इलेक्ट्रोलिटिकपेक्षा ते कधीही बरे. आकाराने मात्र ते बोजड असतात.

मी लिंकविट्झ-रायली प्रकारचा २४ डेसिबलचा उतार धरला. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी तो १९७६ मध्ये मांडला. यात क्रॉसओव्हरवर दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबल खाली, पण एका फेजमध्ये, म्हणजे एकाच वेळी पुढे-मागे हलणारे असतात, म्हणून बेरीज सपाट येते. हा उतार तारांमधला नसून हवेतला आहे, हे समजायला मला वेळ लागला. ड्रायव्हरची स्वतःची उतरण त्यात धरली, तर तारांमध्ये १२ डेसिबलचा फिल्टरही पुरतो. सांधा जुळला की नाही, हे तपासायला ट्वीटरच्या तारा उलट जोडून मोजावे: २१०० वर जितका खोल खड्डा, तितकी फेज चांगली जुळलेली. पहिल्यांदा माझा खड्डा ९ डेसिबलचाच आला. ट्वीटरकडच्या कपॅसिटरमध्ये दीड मायक्रोफॅरडचा फरक केल्यावर तो २६ झाला.

ही मोजमापे रात्री एकनंतर, सगळे कूलर बंद करून केली. घरच्यांनी ती दोन रात्री सहन केली. क्रॉसओव्हरची पाटी अजून खोक्याच्या बाहेरच, मागे स्क्रूने लटकते आहे, कारण ट्वीटरचा आवाज बेताचा करणारा रेझिस्टर ३.३ ओमचा ठेवावा की ३.९ चा, यावर बाबांचे आणि माझे एकमत झालेले नाही. त्यांना ३.९ हवा आहे. तानपुऱ्याची जवारी त्यात जास्त नैसर्गिक वाटते, असे ते म्हणतात.