वरवंट्याखालचा टोफू

लेक सुट्टीला येणार होती आणि तिनं दूध सोडलेलं. म्हणजे पनीरही गेलं. सोलापुरात सोयाबीनला काय तोटा, बार्शीकडं शेतंच्या शेतं पिकतात. म्हटलं, टोफू घरीच करू.

पहिला फसला. रात्रभर भिजवलेलं पाव किलो सोयाबीन गार पाण्यात वाटलं आणि घरभर हिरवट, कच्चा वास सुटला. दाणा फुटून पाणी-हवा लागली की त्यातलं एक एन्झाइम चेततं, त्याचा हा प्रताप. उकळतं पाणी घालून वाटलं की ते निकामी होतं. फक्त मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, झाकण वाफेनं उडतं. ओट्यावरच्या टाइल्स साक्षीला आहेत.

वाटण दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. नजर हटली की दुधापेक्षा लबाडीनं उतू जातं. मग गाळायचं, पुन्हा तापवून गॅस बंद, आणि पाण्यात कालवलेला लिंबाचा रस हळूहळू सोडायचा. ढवळायची घाई नको. ढगासारखे पुंजके वर येतात, खाली पिवळसर नितळ पाणी उरतं. मी ते जुन्या पंचात बांधलं आणि वर वरवंटा ठेवला.

अर्ध्या तासानं सासूबाईंनी कोपरा मोडून तोंडात टाकला. "पनीरचं सोंग आहे गं हे. चव कुठाय?"

खरंच, चव नसतेच. द्यावी लागते, आणि तीही सहजी घेत नाही. अंगात पाणी भरलेलं, त्यामुळं तेलातला मसाला वरूनच घसरतो. म्हणून तुकडे पंधरा मिनिटं गरम मिठाच्या पाण्यात ठेवले. मीठ आत जातं आणि पाणी बरंच बाहेर येतं. कोरडे टिपून चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, काळं तिखट चोळलं. लोखंडी तव्यावर कडा कुरकुरेपर्यंत हलवायचे नाहीत, नाहीतर चिकटून फाटतात. शेंगाचटणी मात्र तवा उतरवल्यावर. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली ती चटणी आचेवर क्षणात करपते.

लेकीनं टोफू आवडीनं खाल्ला. पण चोथा फेकवेना म्हणून सासूबाईंनी तो धपाट्यांच्या पिठात मळला होता, ते धपाटे तिनं चार खाल्ले.

ती गेल्यावर दोनच दिवसांत सासूबाईंनी विचारलं, "सोयाबीन कधी भिजवतेस? चोथा संपला."